चाकाला दिलेलं फुकटचं श्रेय

बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर दोन समजुती जोडीनं फिरतात. पहिली शिकलेल्या माणसाची: सायकल आणि मोटारसायकल उभी राहते ती चाकं फिरतात म्हणून. फिरता भोवरा पडत नाही, तशी फिरत्या चाकांची गाडीही पडत नाही. दुसरी समजूत ट्रॅक्टरच्या सीटवरची: रिकामी ट्रॉली उड्या मारते, भरलेली ट्रॉली रस्ता धरून चालते, ओझं असलं की गाडी पक्की बसते. पहिली समजूत फळ्यावर आकृतीसह शिकवली जाते. दुसरी कुणी शिकवत नाही, ती गाळपाच्या हंगामात आपोआप अंगवळणी पडते.

दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोघींचं मूळ एकच आहे. तोल हा गाडीच्या अंगातला गुण आहे असं दोघीही धरून चालतात. एक तो फिरकीत शोधते, दुसरी वजनात. माझं म्हणणं असं की ओझ्याखाली आधार कुठे आहे आणि ओझं कलू लागलं की तो आधार त्याच्यामागे सरकू शकतो का, या दोन प्रश्नांवर जवळजवळ सगळं ठरतं. फिरकी आणि वजन यांचा त्यात वाटा असलाच तर दुय्यम.

आधी पूर्वपक्षाला त्याचं देणं देऊ. सायकलचं पुढचं चाक काढा, दोन्ही हातांनी आस धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग आस तिरपा करायचा प्रयत्न करा. चाक हट्टीपणा करतं, भलतीकडेच वळतं. हा अनुभव खोटा नाही. फेलिक्स क्लाइन आणि आर्नोल्ड सोमरफेल्ड या जर्मन विद्वानांनी भोवऱ्याच्या गणितावर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या १९१० सालच्या अखेरच्या खंडात सायकलचा विचार आहे आणि कौल असा आहे की स्वाराशिवाय सुटलेली सायकल आपोआप सावरते ती फिरकीच्या जोरावर. एवढ्या मोठ्या नावांनी कौल दिल्यावर तो पाठ्यपुस्तकांत आणि तिथून चहाच्या टपरीवर यायला वेळ लागत नाही. वाटेत त्याचं टोकही बोथट झालं. त्यांचं म्हणणं स्वाराविना धावणाऱ्या सायकलपुरतं होतं. लोकांनी ते शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या सायकलला लावून टाकलं.

आता हिशेब मांडू. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, आणि त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १ मीटर उंच आहे असं समजा. सायकल फक्त ५ अंश कलली तरी तिला पाडणारं आघूर्ण सुमारे ६८ न्यूटन-मीटर होतं. दुसऱ्या बाजूला चाकं: ताशी १५ किलोमीटर वेगानं फिरणाऱ्या दोन साध्या चाकांचा कोनीय संवेग एकूण ४ एककांच्या आसपास भरतो. एवढ्याशा फिरकीनं ते ६८ पेलायचे तर भोवऱ्याच्या नियमानं सायकलला स्वतःभोवती सेकंदाला अडीचपेक्षा जास्त गिरक्या घ्याव्या लागतील. भिगवण रोडवर असं करणारा दूधवाला कुणी पाहिला असेल तर माझा पक्ष मी मागे घेतो.

गणित नको असेल तर हँडल पाहा. सायकलचं हँडल दोरीनं दांडीला गच्च बांधा. चाकं तेवढीच फिरतील, फिरकी तेवढीच राहील, तरी पट्टीचा स्वारही काही फुटांत आडवा होतो. याच्या उलट शाळेच्या क्रीडामहोत्सवातली संथ सायकल स्पर्धा. तिथे सर्वांत शेवटी पोचणारा जिंकतो. चाकं जेमतेम रांगतात, फिरकी नावालाही नसते, आणि जिंकणाऱ्याचं हँडल मात्र सतत डावीकडे-उजवीकडे वळवळत असतं. फिरकी पुरेपूर आणि हँडल बंद, तर गाडी पडते. फिरकी शून्याजवळ आणि हँडल मोकळं, तर गाडी उभी. निकाल याहून स्वच्छ लागत नाही.

तरीही १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं तो आणखी स्वच्छ करून घेतला. ‘चालवताच येणार नाही’ अशी सायकल बनवायचा त्यानं चंग बांधला. पुढच्या चाकाच्या शेजारी त्यानं जमिनीला न टेकणारं दुसरं चाक बसवलं आणि ते उलट्या दिशेनं फिरवलं, म्हणजे एकाची फिरकी दुसऱ्यानं पुसली जावी. सायकल बिनदिक्कत चालवता आली. हात सोडून मात्र ती अवघड झाली. सुटी सोडलेली सायकल तर लगेच पडली. म्हणजे फिरकीला काहीच काम नाही असं नव्हे. सायकल कलते तेव्हा फिरकी पुढच्या चाकाला कलाच्या दिशेनं किंचित वळवते. तिचा वाटा तेवढाच: हँडल वळवायला मदत. पुढे २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या पाच संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक विचित्र गाडी सादर केली. तिच्यात फिरकी उलट्या चाकांनी मारलेली होती, आणि पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू हँडलच्या अक्षामागे असावा लागतो ही दुसरी लाडकी अटही मोडलेली होती. ती छोटीशी गाडी ढकलून सोडली की स्वतःची स्वतः सावरत पुढे जात होती. तिच्यात वजनांची मांडणीच अशी होती की पुढचा भाग कलाच्या बाजूला आधी पडायचा आणि चाक तिकडे वळायचं. क्लाइन-सोमरफेल्ड यांच्या निकालाला शंभर वर्षांनी मिळालेलं हे उत्तर.

तर मग खरं काय घडतं? गाडी उजवीकडे पडू लागते. चाक उजवीकडे वळतं. टायर जिथे रस्त्याला टेकलाय ती रेघ उजवीकडे सरकते आणि पडत्या ओझ्याच्या खाली पुन्हा येऊन ठेपते. सायकल चालवणं म्हणजे सतत पडायला लागणं आणि सतत आधार पडण्याच्या खाली नेऊन ठेवणं. दांडीखालून पाय घालून मोठ्यांची सायकल शिकणाऱ्या पोराला हे अंगानं कळतं, तोंडानं सांगता येत नाही. मोठ्यांनाही येत नाही. विल्बर राइट सायकलच्या धंद्यातला माणूस. डावीकडे कसं वळता, असं त्यानं कितीतरी स्वारांना विचारलं आणि पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर देणारा त्याला सापडला नाही. डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जातं. आधार उजवीकडे सरकला की ओझं डावीकडे कलतं, आणि कललेल्या ओझ्यानं मग वळण घेता येतं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून वेस्पा बनते. ती घेऊन रोज वळणं घेणाऱ्या हजारो हातांना हा उलटा डाव येतो, आणि त्यांच्या मालकांना विचारलं तर बहुतेक जण तो साफ नाकारतील.

चाकांचा संबंधच नको असेल तर बेलवाडीला चला. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर करत इंदापूरकडे जाते तेव्हा बेलवाडीत गोल रिंगण होतं. घोडा वर्तुळात भरधाव सुटतो आणि आतल्या बाजूला झुकलेला असतो. समजा तो २५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला ८ मीटर वेगानं धावला, तर झुकाव साधारण १५ अंशांचा पडतो. घोडा दुप्पट वजनाचा असता तरी तेवढाच. फिरकीचा तिथे प्रश्नच येत नाही. घोड्याला चाक नाही. टापा बाहेरच्या बाजूला टेकतात आणि धड आत राहतं, म्हणून वर्तुळ जमतं. मोटारसायकलवाला वळणावर करतो ते हेच.

त्याच रिंगणात घोड्याच्या आधी झेंडेकरी धावतात, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायाही. तुळशीवृंदावन डोक्यावर, म्हणजे ओझं शक्य तितक्या उंचावर. ‘गुरुत्वमध्य खाली तेवढा तोल पक्का’ हे वाक्य पाठ असलेल्या माणसानं इथे घाबरायला हवं. पण लांब काठी तळहातावर उभी करणं पेन्सिल उभी करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, आणि काठीचं जड टोक वर ठेवलं तर आणखी सोपं. उंच वस्तू सावकाश पडते. लांबी दहापट झाली की पडायला लागणारा वेळ सुमारे तिप्पट होतो, आणि तेवढी सवड हाताला आधार सरकवायला मिळते. तुळसवाली बाई पावलं टाकत असते, तिचा आधार क्षणाक्षणाला जागा बदलतो, म्हणून उंची तिच्या बाजूनं काम करते. हीच उंची ज्याचा आधार हलू शकत नाही त्याचा घात करते.

वालचंदनगरच्या कारखान्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. इंदापूर तालुक्यातल्या या गावात इस्रोच्या एस-२०० बूस्टरच्या आवरणाचे भाग बनतात. त्या बूस्टरचं खालचं नोझल किंचित वळतं, आणि शेकडो टनांचा रॉकेटचा मनोरा तळहातावरच्या काठीसारखाच खालून सावरला जातो. इथेही लोकांचं पहिलं अनुमान उलटंच होतं. रॉबर्ट गॉडर्डनं १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतल्या ऑबर्नमध्ये जगातलं पहिलं द्रवइंधनाचं रॉकेट उडवलं, तेव्हा इंजिन वर आणि टाक्या खाली लटकवल्या होत्या. ओझं खाली लोंबतं ठेवलं की रॉकेट लंबकासारखं सरळ राहील, हा हिशेब. तो फसवा होता. जोर रॉकेटला जखडलेला असेल तर रॉकेट कललं की जोरही त्याच्याबरोबर कलतो. इंजिन वर असलं काय, खाली असलं काय, सावरणारं कुणीच उरत नाही. आजची रॉकेटं सावरतात ती जोराची दिशा वळवून, ओझं लोंबतं ठेवून नव्हे.

आता ट्रॅक्टरवाल्यांच्या पक्षाकडे येऊ. या पक्षाचा मला जास्त आदर आहे, कारण तो अनुभवातून आला आहे आणि त्याच्या चुकीची किंमत फळ्यावर नाही, रस्त्यावर मोजावी लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा: एवढे साखर कारखाने दोन तालुक्यांच्या पट्ट्यात ऊस ओढतात. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून फाळक्यांच्या वर माणूस-दीड माणूस उंच मोळ्या चढतात, वरून दोर आवळला जातो, आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागतात.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला उलथू पाहते. तिला उलथवणारा परिणाम तिच्या वस्तुमानाच्या पटीत असतो. तिला खाली धरून ठेवणारं वजनही त्याच वस्तुमानाच्या पटीत. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना किलो आहेत, ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात फक्त दोन मापं: चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, गाडीची उलटण्याची मर्यादा हाती येते. टनांचा उल्लेखही त्यात नाही.

आकडे घालून पाहू. चाकांतलं अंतर १.८ मीटर धरा, म्हणजे निम्मं ०.९. रिकाम्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य ०.९ मीटर उंच धरला तर मर्यादा गुरुत्वत्वरणाइतकी, आणि ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ती उलटायला ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेग लागेल. तोवर टायर घसरलेले असतील. रिकामी ट्रॉली फरफटते, उलटत नाही. तीच ट्रॉली उसानं भरली आणि गुरुत्वमध्य १.८ मीटरवर गेला की मर्यादा अर्ध्यावर येते आणि त्याच वळणावर ती ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास पलटी खाते. टायर त्या वेगाला घसरतही नाहीत, रस्ता घट्ट धरून असतात. रस्ता धरून चालते हे म्हणणं शब्दशः खरं आहे. पकड चांगली आहे म्हणूनच ती उलटते.

त्यात आपल्या रस्त्यांच्या कडा. नीरा डाव्या कालव्याच्या आसपासच्या गावरस्त्यांवर डांबर संपतं तिथे साइडपट्टी वीतभर, कधी हातभर खाली असते. समोरून एस.टी. आली की ट्रॉलीचं डावं चाक खाली उतरतं. एका बाजूचं चाक ३० सेंटीमीटर खाली गेलं तर १.८ मीटर रुंदीवर ट्रॉली साडेनऊ अंश कलते. अशा कलाला आणि उजव्या वळणाला गाठ पडली की वरच्या हिशेबातले ताशी ४४ किलोमीटर ३४ वर येतात. कधी रस्ता सरळ असतो आणि वेग सायकलचा असतो, तरी ट्रॉली चारीत पालथी पडलेली दिसते. तिथे वेगावर खापर फोडायचं कारण नाही. ३० ऐवजी ६० सेंटीमीटरची चारी आणि तिसरा मजला चढलेला ऊस, एवढ्यानं भागतं.

बैलगाडीचा गाडीवान हे ट्रॅक्टरवाल्यापेक्षा चांगलं जाणतो, कारण त्याची चूक बैलाच्या मानेवर लगेच उमटते. दुचाकी टायरगाडीवर २ टन ऊस आहे आणि ओझं आसाच्या वर १ मीटर आहे असं समजा. सपाटीवर मोळ्या अशा रचलेल्या असतात की जुवावर बेताचा भार राहावा. दहास एक चढ आला की गाडीचा कल बदलतो आणि ओझं आसाच्या मानानं १० सेंटीमीटर मागे जातं. ३ मीटर लांब दांडीच्या टोकाला जुवावरचा भार त्यामुळे जवळजवळ ६७ किलोंनी हलका होतो, आणि उतारावर तेवढाच वाढतो. चढावर गाडी उलाळते, बैलांचे गळे जुवाला वर ताणले जातात. उतारावर तेच जू माना दाबतं. मोळ्या खाली आणि पसरून रचल्या असत्या तर हे चढउतार कमी झाले असते. मोळ्यांची संख्या तीच, वजन तेच, बैलही तेच.

तीनचाकीबद्दल एक खास समजूत आहे: ती हलकी म्हणून पलटते. बारामतीत पियाजिओची ॲपे बनते, तेव्हा तीनचाकीचं शास्त्र तरी या गावात कच्चं असू नये. किलो इथेही हिशेबातून गळून पडतात. चारचाकीचा आधार चौकोनी असतो, तीनचाकीचा त्रिकोणी. पुढे एकच चाक, म्हणून उलटण्याची रेघ मागच्या बाहेरच्या चाकापासून पुढच्या चाकाकडे तिरपी जाते. ओझं जितकं पुढे, तितका त्रिकोण अरुंद. मागच्या आसाजवळ बसलेली माणसं गाडीला स्थिर करतात. चालकाच्या दोन्ही बाजूंना बसलेली दोन माणसं तिला अस्थिर करतात, मग मागे कितीही माणसं असोत. मागच्या आसापासून गुरुत्वमध्य पुढच्या चाकाकडे एकतृतीयांश अंतरावर असेल तर बाजूचा आधार मूळच्या दोनतृतीयांश राहतो. निम्म्यावर सरकला तर निम्मा. वळणावर ब्रेक दाबला की ओझं आणखी पुढे ढकलल्यासारखं वागतं. खेडेगावच्या वडाप रिक्षात ‘पुढं बसा, हवा लागेल’ असं म्हणून भरलेली जागा ही सर्वांत महाग जागा आहे.

ट्रॅक्टरवाल्याचा एक आक्षेप अजून शिल्लक आहे आणि तो सर्वांत बळकट आहे. तो म्हणेल, हिशेब तुमचा; पण भरलेली ट्रॉली मला शांत वाटते हे माझ्या अंगानं सांगितलंय, ते खोटं कसं? खोटं नाही. रिकामी ट्रॉली खड्ड्यावर वरखाली उडते, कारण तिच्या टायरांवर आणि पाट्यांवर भार नसतो. भरल्यावर हे उडणं थांबतं. अंगाला जाणवतो तो उभा धक्का. उलटण्याची हालचाल आडवी असते, आणि ती चालकाच्या अंगापर्यंत पोचतच नाही. ट्रॉली ट्रॅक्टरला कडी आणि पिननं जोडलेली असते. ती जोडणी ट्रॉलीला बाजूला कलायची मुभा देते आणि ट्रॅक्टरला तिचा पत्ता लागू देत नाही. ट्रॉलीचं आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं तरी सीटवर बसलेल्या माणसाला काही कळत नाही. सायकलस्वाराला कल कळतो म्हणून तो हँडल वळवतो; इथे कल कळायची सोय नाही, आणि कळला असता तरी आधार सरकवायची सोय नाही.

दुसऱ्या ट्रॉलीची गोष्ट त्याहून वाईट आहे. ट्रॅक्टरनं खड्डा चुकवायला थोडंसं हँडल मारलं की पहिली ट्रॉली थोडी हलते, तिच्यामागची जास्त हलते. जोडलेल्या गाड्यांत हा झोका मागे मागे वाढत जातो, आणि जो सर्वांत उंच झुलतो तो चालकापासून सर्वांत लांब असतो. भरलेल्या दोन ट्रॉल्यांमधून मागचं काही दिसत नाही, आरशात दिसतो तो पहिल्या ट्रॉलीचा ऊस. ट्रॉली शांत आहे असं सांगणारा चालक पहिल्या ट्रॉलीबद्दल बोलत असतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं म्हणूनच तिच्या जवळून, विशेषतः वळणाच्या बाहेरच्या बाजूनं, पुढे काढू नये. मागची ट्रॉली कुठल्या अंशावर आहे हे त्या क्षणी रस्त्यावर फक्त त्यालाच दिसत असतं.